थंड व कोरड्या जागी

औषधाच्या बाटलीवर बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली असते, ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे’. ती ओळ मी पहिल्यांदा लक्ष देऊन वाचली ती पोलादपूर तालुक्यातल्या कापड्याला, आजोळी, ऐन जुलैत. आजीनं बाटली हातात धरून घरभर जागा शोधली. देवळीला ओल आली होती. फडताळात अंथरलेल्या वर्तमानपत्राला कुबट वास येत होता. पडवीची भिंत पाझरत होती. कोरडी म्हणावी अशी एकच जागा घरात उरली होती, चुलीवरचा माळा. सुकट, मिरच्या, वालाचं बियाणं सगळं तिथंच. पण माळा थंड कुठला? दिवसभर खालून धूर आणि धग. शेवटी बाटली देवांच्या शेजारच्या कोनाड्यात गेली. सावित्रीच्या खोऱ्यात जुलै महिन्यात जे थंड असतं ते कोरडं नसतं आणि जे कोरडं असतं ते थंड नसतं.

त्या ओळीतल्या ‘कोरड्या’च्या मागे इंग्रजीतलं ‘ड्राय’ उभं आहे. पुढे इंग्रजी शिकवायला लागल्यावर हे विशेषण मला सतत भेटत राहिलं. दिसायला अगदी साधं, इंग्रजीत तीन अक्षरांचं. ‘वेट’ आणि ‘ड्राय’ ही जोडी लहान मुलांनाही पाठ असते. आणि तरी वरच्या वर्गातली हुशार मुलंही याच शब्दावर घसरत. दोष त्यांचा नव्हता, त्यांची मराठी चांगली होती. चांगली मराठी येणाऱ्यालाच हा शब्द जास्त अडतो, असं मला आता वाटतं.

परकी विशेषणं माझ्या आजोळच्या गावाला नवी नाहीत. कापडे दोन आहेत, बुद्रुक आणि खुर्द. दोन्ही विशेषणं फारसीतून आलेली. बुद्रुक हे मूळचं बुजुर्ग, म्हणजे थोर, मोठं. खुर्द म्हणजे धाकटं. महाराष्ट्रभर शेकडो गावांच्या नावांना ती चिकटलेली आहेत आणि कुणालाही ती पाहुणी वाटत नाहीत. ‘ड्राय’ही आता तसंच घरात शिरलं आहे. ड्राय फ्रूट, ड्राय क्लीन, ड्राय डे, ड्राय स्किन, ड्राय आइस. फरक इतकाच की बुद्रुक आलं आणि एका अर्थाला धरून बसलं. ‘ड्राय’ मात्र ज्या नामाला लागेल त्याप्रमाणे अर्थ बदलतं.

याचं कारण सापडलं की गुंता पुष्कळसा सुटतो. ‘ड्राय’ हा शब्द वस्तूत काय आहे ते सांगत नाही, काय नाही ते सांगतो. आणि काय नाही, ते दर वेळी ओळखावं लागतं. ड्राय टोस्टला लोणी नाही. ड्राय दिवशी दारू नाही. ड्राय गाईला दूध नाही. ड्राय खोकल्यात कफ नाही. चुना किंवा सिमेंट न घालता दगडावर दगड रचून केलेल्या भिंतीला इंग्रज ‘ड्राय स्टोन’ म्हणतो, म्हणजे आपला गडगा. त्या भिंतीवर चार महिने पाऊस कोसळत असो, शेवाळ चढो, ती ड्रायच. कारण तिथं नसलेली गोष्ट पाणी नव्हे, दोन दगडांमधला ओला चुना आहे.

मराठी असा विचार करत नाही. मराठीला ओल कुठून गेली, कशी गेली आणि आता वस्तूचं काय झालं, हे हवं असतं. म्हणून एका ‘ड्राय’समोर आपल्याकडे सुकं, वाळलेलं, कोरडं, आटलेलं, रूक्ष, भाकड अशी रांग उभी राहते.

ही रांग नीट पाहायची तर मे महिन्याच्या उत्तरार्धात महाड-पोलादपूरकडच्या एखाद्या अंगणात जावं. पोलादपूर तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आंबेनळी घाट चढून वर महाबळेश्वरला तो साडेपाच हजारांच्या आसपास जातो. हा सगळा पाऊस मुख्यतः चार महिन्यांत. म्हणजे त्याआधी घरातली प्रत्येक वस्तू उन्हाला दाखवून घ्यायची. याला बेगमी म्हणतात आणि बेगमीच्या दिवसांत घरातली सगळी बोलणी ओल आणि ऊन यांचीच असतात. सुकट सुकली का. लाकडं वाळली का. गोवऱ्या आत घेतल्या का. पापड उचला, सादळतील. हे ‘सादळणं’ मला फार मोलाचं वाटतं. कुरकुरीत वस्तू पाण्याचा थेंबही न लागता नुसत्या हवेनं मऊ पडते, तिच्यासाठी एक अख्खं क्रियापद. जिथं कोरडेपणा टिकवायला इतकं झगडावं लागतं, तिथंच असा शब्द लागतो.

आता सुकं म्हणजे काय? जे आधी ओलं होतं, ज्याची ओल काढून घेतली आणि त्यामुळे जे टिकाऊ झालं ते. सुकी मासळी, सुकं खोबरं, सुका मेवा. इथं सुकणं म्हणजे वस्तूला मिळालेलं दुसरं आयुष्य आहे. ओला जवळा संध्याकाळपर्यंतचा, सुका जवळा गौरी-गणपतीपर्यंतचा. वाळणं ही क्रिया आहे आणि तिच्यात उन्हाचा, वाऱ्याचा हात दिसतो. वाळवण, वाळलेलं गवत, वाळलेली फांदी. कोकणात आणि मुंबईत कपडे सुकत घालतात, घाट चढलात की तेच कपडे वाळत घालायला लागतात. घाटाच्या पायथ्याच्या गावांत दोन्ही ऐकू येतं, कारण सोयरीक वरही असते आणि खालीही.

कोरडं ही वेगळीच गोष्ट. ज्याला ओल लागलेली नाही ते कोरडं. भिजून आलेल्या पोराला ‘कोरडे कपडे घाल’ म्हणतात. आणि जिथं ओल असायला हवी होती आणि नाही, तेही कोरडं. विहीर आधी आटते, मग कोरडी पडते. आटणं ही उतरती पायरी आहे, कोरडं पडणं हा तळ. एप्रिल-मेमध्ये पोलादपूरच्या वाड्यावाड्यांतून टँकर फिरतात हे बाहेरच्याला खरं वाटत नाही. तीन हजार मिलिमीटर पडलेलं पाणी या तीव्र उतारांवर थांबत नाही, ओढ्यांतून सावित्रीत आणि सावित्रीतून बाणकोटच्या खाडीत निघून जातं. घशाला पडते ती ‘कोरड’ही याच शब्दाची. नुसती ओल गेली म्हणून ती पडत नाही, ओल हवी आहे म्हणून पडते.

या फरकामुळेच एका विद्यार्थ्याचं भाषांतर मला अजून आठवतं. वाक्य होतं, गाय ड्राय आहे. त्यानं लिहिलं, ‘गाय सुकली आहे.’ शेतकऱ्याच्या घरातल्या कुणालाही हे वाक्य सांगा, तो गाईच्या बरगड्या मोजायला निघेल. कारण मराठीत गुरं सुकतात ती चाऱ्यावाचून. पोर सुकतं ते आजारानं. तोंड सुकतं ते काळजीनं. इंग्रजी वाक्यातली गाय धडधाकट होती, फक्त ती दूध देत नव्हती. तिला आपण भाकड म्हणतो. त्यातही आणखी बारकावा आहे. गाभण गाईला विण्याआधी साधारण दोन महिने मुद्दाम दूध काढणं थांबवून विश्रांती देतात, म्हणजे कास सावरते आणि पुढचं वेत चांगलं मिळतं. इंग्रजीत हाही ‘ड्राय’ काळच. मराठीत त्याला ‘गाय आटवणं’ म्हणतात. नुसत्या भाकड म्हटलेल्या गाईबद्दल मनात चिंता येते, आटवलेल्या गाईबद्दल वाट पाहणं असतं. त्या मुलाला मी पूर्ण गुण दिले नाहीत, पण हे सगळं फळ्यावर लिहिलं आणि त्या दिवशीचा तास त्याच्यामुळेच चांगला झाला.

शब्दांची नाती पाहिली तर अजून एक आनंद मिळतो. आपलं ‘सुकं’ संस्कृत ‘शुष्क’पासून आलं. त्याचं फारसी भावंड ‘खुश्क’. ते आपल्याकडे निराळ्या वाटेनं आलं आणि ‘खुष्कीचा मार्ग’ झालं. पाण्यातून न जाणारा, जमिनीवरचा रस्ता. म्हणजे ‘सुकं’ आणि ‘खुष्की’ ही एकाच घरातली दोघं मराठीत पुन्हा भेटली आणि आता एकमेकांना ओळखतही नाहीत. याच घराण्याचं रक्त इंग्रजीत ‘ड्राय’मध्ये मात्र नाही. ते ‘सिअर’ या शब्दात आहे, ज्याचा अर्थ पृष्ठभाग भाजून करपवणं. ग्रीकमार्गे ‘ऑस्टिअर’ या शब्दातही ते आहे. जिभेला कोरड आणणारं, तुरट, कठोर असा त्याचा मूळ भाव, म्हणून पुढे काटकसरीच्या कडक धोरणाला तो शब्द लागला. ‘ड्राय’चं स्वतःचं गोत वेगळं. दुष्काळाचं ‘ड्राउट’ आणि पाणी काढून देणारी ‘ड्रेन’ ही त्याची जवळची माणसं.

खुष्कीवरून महाडचं बंदर आठवतं. महाड आज मुंबई-गोवा महामार्गावरचं, औद्योगिक वसाहतीचं गाव म्हणून ओळखलं जातं, पण जुन्या काळी घाटावरचा माल इथं खाली उतरे आणि सावित्रीतून, दासगावावरून, भरतीच्या पाण्यावर समुद्राकडे जाई. गावाजवळची गांधारपाले लेणी या व्यापाराच्या वाटेवरच आहेत. खाडीत ओहोटी लागली की गलबत चिखलात बसून राहतं. पुढची भरती येईपर्यंत काही करता येत नाही. इंग्रजीत एखाद्याला ‘हाय अँड ड्राय’ सोडून गेले म्हणतात, ते याच चित्रावरून. पाणी निघून गेलं, जहाज उंच आणि कोरडं राहिलं. मराठीत अशा माणसाला ‘वाऱ्यावर सोडलं’ म्हणतात. दर्यावर्दी इंग्रजाला पाणी नसणं हे संकट वाटलं, आपल्याला आडोसा नसणं. भाषांतर करताना जहाज सोडून द्यावं आणि वारा घ्यावा, नाहीतर ‘उंच आणि कोरडा’ असला काहीतरी प्रकार हाती येतो.

जेवणाच्या पानात तर ‘ड्राय’ची फारच त्रेधा उडते. हॉटेलच्या कार्डावर ‘ड्राय’ लिहिलेलं असतं त्याला घरी आपण सुकं म्हणतो. सुकं मटण, सुकी भाजी, सुकी भेळ. रस्सा नाही, एवढाच अर्थ. पण भाकरी मात्र सुकी म्हणून नव्हे, कोरडी म्हणून घशाखाली उतरत नाही. तिच्यासोबत काहीतरी पातळ लागतं. घाटावर त्या पातळ पदार्थाचंच नाव ‘कोरड्यास’. म्हणजे कोरड्याला लागणारं. आमटी, कालवण, जे असेल ते. शब्दात कोरडं आहे आणि वाडग्यात रस्सा आहे. कोकणात त्याला कालवण म्हणतात, भातात कालवायचं म्हणून. भाकरी खाणाऱ्यानं कोरड भागवण्यावरून नाव दिलं, भात खाणाऱ्यानं कालवण्यावरून. महाबळेश्वरपलीकडच्या लेकी पोलादपुरात नांदायला आल्या की दोन्ही शब्द एकाच चुलीशी नांदतात.

एका ठिकाणी मात्र दोन्ही भाषांची गाठ अचूक पडली आहे. इंग्रजीतलं ‘ड्राय रेशन’ आणि मराठीतला ‘कोरडा शिधा’. तांदूळ, डाळ, मीठ, शिजवलेलं काही नाही. देवळात, श्राद्धात हा शब्द आपल्याकडे पूर्वीपासून होता. कोरोनाच्या काळात शाळा बंद झाल्या आणि मुलांना शिजवलेल्या आहाराऐवजी धान्य द्यायची वेळ आली, तेव्हा सरकारी कागदांना नवा शब्द शोधावा लागला नाही. त्याच साथीत २ जानेवारी २०२१ रोजी देशभर लसीकरणाची ‘ड्राय रन’ झाली आणि वर्तमानपत्रांनी ‘ड्राय रन’ तसंच छापलं. लस नाही, बाकी सगळं खरं. या शब्दाचं मूळ अमेरिकेतल्या अग्निशामक दलांच्या पाण्याविना केलेल्या सरावाशी जोडलं जातं. आपली ‘रंगीत तालीम’ इथं जवळ येते, पण तालमीत रंग असतो आणि इथं मुख्य गोष्टच वगळलेली असते.

काही ‘ड्राय’ तर पूर्ण ओले असतात. ड्राय क्लीनिंगमध्ये कपडा द्रवात बुडवतातच, फक्त तो द्रव पाणी नसतो. लोकर आणि रेशीम पाण्यानं आटतं, आकार सोडतं, म्हणून तेलकट डाग विरघळवणारी रसायनं वापरतात. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. नेहमीच्या हवेच्या दाबात तो वितळून द्रव होत नाही, उणे ७८ अंश सेल्सिअसच्या आसपास सरळ वायू होऊन उडून जातो. खाली ओल राहत नाही, म्हणून ड्राय. आणि आईबापांनी नीट समजून घ्यावं असं एक ‘ड्राय’ म्हणजे लहान मुलांचं ड्राय सिरप. बाटलीत भुकटी असते. काही प्रतिजैविकं पाण्यात फार दिवस टिकत नाहीत, म्हणून ती कोरडी विकतात. उकळून गार केलेलं पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंत घालून, हलवून, मगच मोजून द्यायचं. आणि पाणी घातल्यावर लेबलावर दिलेल्या दिवसांतच ते संपवायचं, उरलेलं पुढच्या तापाला ठेवायचं नाही. इथं शब्दाचा अर्थ कळणं हा परीक्षेच्या गुणांचा प्रश्न राहत नाही.

माणसांच्या स्वभावाला ‘ड्राय’ लागतं तेव्हा सर्वांत जास्त जपावं. इंग्रजीत ‘ड्राय ह्यूमर’ ही प्रशंसा आहे. चेहरा जराही न हलवता, आवाज न चढवता केलेला विनोद. नसलेली गोष्ट म्हणजे विनोद करत असल्याचा आविर्भाव. याला ‘कोरडा विनोद’ म्हटलं की विनोदच नाहीसा होतो, कारण मराठीत कोरडेपणा म्हणजे जिव्हाळ्याचा अभाव. कोरडी सहानुभूती, कोरडं स्वागत, कोरडे उपदेश. दुसऱ्याला ब्रह्मज्ञान सांगून स्वतः कोरडा पाषाण राहणारा माणूस तर म्हणीतच आहे. पाण्यात राहूनही दगड आतून भिजत नाही, हे त्या म्हणीचं मर्म. आपल्याकडे माया ओली असते, आठवणीनं डोळे ओलावतात, शब्दात ओलावा असतो. ओल ही जिव्हाळ्याची खूण आहे. तेव्हा ‘ड्राय ह्यूमर’ला मिश्कील म्हणावं, किंवा सरळ ‘गंभीर चेहऱ्यानं केलेला विनोद’ असं लिहावं. ‘ड्राय’ विषयाला रूक्ष म्हणावं.

तरी एका बाबतीत ओलीचा अर्थ आपण उलटा केला आहे. ओली पार्टी. इथं ओल म्हणजे दारू आणि मग ‘ड्राय डे’ मराठीत सहज रुजला. अमेरिकेत १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात बंदीवाल्यांना ‘ड्राय’ आणि विरोधकांना ‘वेट’ म्हणत. आपल्याकडे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. आज २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मतदान संपण्याआधीचे ४८ तास दुकानं बंद राहतात. पण आपल्याकडच्या बायकांनी याला जो शब्द दिला तो मला ‘ड्राय’पेक्षा कितीतरी जिवंत वाटतो. गावातलं दुकान बंद करायचं की नाही यावर मतदान होतं तेव्हा चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. गाव ड्राय झालं असं कुणी म्हणत नाही, बाटली आडवी झाली म्हणतात. कशाचा तरी अभाव झाला असं त्यात नाही, कुणीतरी काहीतरी आडवं पाडलं हे त्यात आहे.

दारू हा शब्दही फारसी आणि त्याचा मूळ अर्थ औषध. आपण अजून दवादारू म्हणतो. मराठीत तोच शब्द मद्याला लागला आणि तोच बंदुकीच्या दारूलाही. ‘आपली दारू कोरडी ठेवा’ हे इंग्रजी वचन क्रॉमवेलच्या नावावर सांगितलं जातं आणि सावध, सज्ज राहा असा त्याचा अर्थ होतो. महाड तालुक्यातच रायगड आहे. त्या गडावर चार महिने ढग उतरलेले असतात. तिथं दारू कोरडी ठेवणं हे वचन नव्हतं, रोजचं काम होतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात याची तजवीज आहे. दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा आणि हवालदारानं ठरावीक दिवसांनी स्वतः येऊन दारू, बाण बाहेर काढून त्यांना ऊन द्यावं, मग पुन्हा बंद करून मोहोर लावावी. रायगडावर दारूकोठाराचे अवशेष दाखवतात तिथं उभं राहिलं की मला चुलीवरचा माळा आठवतो.

राहता राहिला पावसाचा ‘ड्राय’. हवामान खात्याच्या हिशोबात दिवसभरात किमान २.५ मिलिमीटर पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस. ओळीनं असे दिवस आले नाहीत की इंग्रजी बातमीत ‘ड्राय स्पेल’ येतं. कृषी खात्याच्या मराठीत ‘पावसाचा खंड’. गावात याला दोन शब्द आहेत आणि कुठला वापरायचा हे शेत ठरवतं. लावणी उरकल्यावर चार दिवस ऊन पडलं तर ती उघडीप. गोधड्या दोरीवर येतात, सादळलेलं सगळं अंगणात येतं, माळ्यावरची सुकट पुन्हा ऊन खाते. उतारावरच्या खाचरांत पाणी फार टिकत नाही, म्हणून या आनंदाची मुदत थोडी असते. आजी पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत उघडीप म्हणायची. मग एका सकाळी खाचरावरून परत आली की उंबऱ्याशी पाय धुवायला थांबायची, पायाला चिखल लागलेला नाही हे बघायची आणि तांब्या तसाच खाली ठेवून म्हणायची, ‘पावसानं दडी मारली.’